परवानगी कुणाची?

4 मे 2019. भारतात शनिवारची सकाळ उजाडत होती, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अजून शुक्रवारची संध्याकाळ होती. मोझिला या संस्थेच्या फायरफॉक्स ब्राउझरमध्ये वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधनं, एकामागून एक बंद पडू लागली. जाहिराती अडवणारं गेलं, पासवर्ड सांभाळणारं गेलं, वाचता वाचता भाषांतर करून देणारंही गेलं. कुणी व्हायरस सोडला नव्हता, कुणाचं बोट चुकीच्या बटणावर पडलं नव्हतं. मोझिलाच्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती, एवढंच झालं होतं.

एका कागदाची मुदत संपते आणि जगभरच्या घरांतल्या संगणकांवरची, लोकांनी आपल्या हातानं निवडलेली साधनं काम सोडतात. हे का होऊ शकलं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. या प्रकरणात आपल्याला जो प्रश्न विचारायचा आहे, तो सगळा त्यात दडलेला आहे.

त्या वेळेपर्यंत फायरफॉक्समध्ये नियम असा झालेला होता, की मोझिलाची डिजिटल सही नसलेलं एक्स्टेन्शन चालणारच नाही. सहीची व्यवस्था तीन पायऱ्यांची. सगळ्यात वर मोझिलाचं मूळ सर्टिफिकेट. ते इतकं मोलाचं, की इंटरनेटशी जोडलेलंच ठेवत नाहीत. एका खास सुरक्षित उपकरणात कुलूपबंद असतं. त्याच्या सहीनं तयार झालेलं एक मधलं सर्टिफिकेट रोजच्या कामासाठी वापरायचं, आणि त्या मधल्याच्या सहीनं प्रत्येक एक्स्टेन्शनला त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट द्यायचं. ब्राउझर दर 24 तासांनी ही साखळी तपासून पाहतो. त्या दिवशी मुदत संपली ती मधल्या कडीची. प्रत्येकाच्या संगणकावरची तपासणी वेगवेगळ्या वेळी होत असल्यानं सगळ्यांची एक्स्टेन्शन्स एकदम पडली नाहीत. कुणाची लगेच, कुणाची दुपारी, तर कुणाची रात्री.

उपाय हुशारीचा होता. जुन्याच नावाचं, जुन्याच किल्लीचं, पण नव्या मुदतीचं मधलं सर्टिफिकेट तयार करायचं. मग आधीच्या हजारो एक्स्टेन्शन्सवर पुन्हा सह्या करत बसायला नको, जुन्या सह्या आपोआप वैध ठरतात. त्यासाठी मोझिलाच्या एका अभियंत्याला गाडी काढून, जिथे ते मूळ सर्टिफिकेट ठेवलं होतं तिथे जावं लागलं. तयार झालेली दुरुस्ती लोकांपर्यंत लवकर पोचवायची तर एकच वाट हाताशी होती. ब्राउझरमध्ये प्रयोग करून पाहण्यासाठी मोझिलानं ‘स्टडीज’ नावाची एक सोय ठेवली होती, तिच्यातून दुरुस्ती धाडली गेली. पण खासगीपणाची काळजी घेणाऱ्या अनेकांनी ती सोय मुद्दाम बंद ठेवलेली होती. त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरले: ती सोय चालू करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या नव्या आवृत्तीची वाट पाहा. मोझिलानं नंतर, त्या आठवड्यात या सोयीतून आणि वापराच्या नोंदींतून गोळा झालेली सगळ्या वापरकर्त्यांची माहिती पुसून टाकली. हे प्रामाणिकपणाचं लक्षण आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

तरी एक गोष्ट उरतेच. टॉर ब्राउझर हा फायरफॉक्सच्याच पायावर उभा आहे. पाळत चुकवून इंटरनेट वापरणारे पत्रकार आणि कार्यकर्ते त्याच्यावर भिस्त ठेवतात. त्यात ‘नोस्क्रिप्ट’ हे एक्स्टेन्शन सुरक्षेचा भाग म्हणून आधीपासूनच बसवलेलं असतं. तेही त्या दिवशी बंद पडलं. टॉरच्या मंडळींनी आपल्या लोकांना तात्पुरता उपाय सांगितला: सेटिंगमध्ये जाऊन सहीची सक्ती बंद करा. टॉरमध्ये ते शक्य होतं. विंडोज आणि मॅकवरच्या नेहमीच्या फायरफॉक्समध्ये मात्र त्या सेटिंगला हात लावून काही उपयोग नव्हता. संगणक तुमचा, एक्स्टेन्शन तुम्ही निवडलेलं, त्यात खोट काही नाही हे तुम्हाला आणि मोझिलालाही ठाऊक; पण ‘माझ्या जबाबदारीवर चालू दे’ असं म्हणायची जागाच ठेवलेली नव्हती.

ही जागा का बुजवली गेली, याला इतिहास आहे, आणि तो कंपन्यांच्या बाजूनं बोलणारा आहे.

मायक्रोसॉफ्टनं 1997 साली इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत बाहेरच्या प्रोग्रॅमना ब्राउझरच्या पोटात शिरायचा रस्ता खुला केला. हेतू चांगला होता, पण पहारा काहीच नव्हता. त्यातून टूलबारांची साथ आली. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडच्या सायबर कॅफेत बसून निकाल पाहिले असतील किंवा नोकरीचे अर्ज भरले असतील, त्यांना तो पडदा आठवत असेल: वर एकाखाली एक टूलबारांच्या पट्ट्या, आणि खाली उरलेल्या फटीतून दिसणारी वेबसाइट. या पट्ट्या कुणी मागितल्या नव्हत्या. फुकटचा व्हिडिओ प्लेअर घेतला की त्याच्यासोबत एक यायची. ऑरॅकल कंपनीच्या जावाच्या अपडेटमध्येसुद्धा ‘आस्क’चा टूलबार आधीच टिक केलेला असायचा, घाईत ‘नेक्स्ट’ दाबलं की तो बसलाच. सर्च इंजिन बदललेलं, मुखपृष्ठ बदललेलं, आणि काढून टाकायला जावं तर पुन्हा उगवणारं.

यात नावाजलेल्या कंपन्याही मागे नव्हत्या. 2009 मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या एका अपडेटबरोबर फायरफॉक्समध्ये, म्हणजे दुसऱ्याच संस्थेच्या ब्राउझरमध्ये, न विचारता एक एक्स्टेन्शन घातलं. सुरुवातीला त्याचं ‘अनइन्स्टॉल’ बटणही निकामी करून ठेवलेलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टनंच बसवलेल्या घटकात सुरक्षेचं भगदाड असल्याचं उघड झालं आणि मोझिलानं दुरूनच, सगळ्यांच्या फायरफॉक्समध्ये, तो घटक बंद करून टाकला. कंपनीनं वापरकर्त्याच्या संगणकावर हात चालवला, आणि तो योग्य होता, असं मी या उदाहरणाबद्दल बिनदिक्कत म्हणेन.

मुळात एक्स्टेन्शनकडे केवढी ताकद असते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ते बसवताना एक छोटी चौकट उघडते. तिच्यात साधारण अशा अर्थाची ओळ असते, की हे एक्स्टेन्शन सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल. त्यातला ‘सर्व’ हा शब्द अगदी अक्षरशः घ्यायचा असतो. बँकेच्या पानावरची शिल्लक, ईमेलमधला मजकूर, आयकराचा अर्ज, डॉक्टरांच्या पोर्टलवरचा अहवाल: पानावर जे डोळ्यांना दिसतं, ते एक्स्टेन्शनला दिसतं. फॉर्ममध्ये तुम्ही जे टाइप करता, तेही. आणि वाचून ते थांबेलच असं नाही; पानावरचा आकडा बदलून तुम्हाला दुसराच दाखवायचीही त्याला मुभा असते.

त्यातून एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं एक फार उपयोगी एक्स्टेन्शन होतं. वापरात नसलेले टॅब झोपवून ते संगणकाची मेमरी वाचवायचं. वीस लाखांहून अधिक लोकांनी ते घेतलेलं. 2020 मध्ये त्याच्या मूळ कर्त्यानं ते कुणा अनोळखी मालकाला विकलं. वापरकर्त्यांना पत्ता नाही; नाव तेच, चिन्ह तेच. पुढच्या अपडेटांमध्ये संशयास्पद कोड आला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलनं ते धोकादायक ठरवून क्रोममधून काढून टाकलं. तुम्ही विश्वास टाकला एका माणसावर, आणि तो विश्वास त्यानं परस्पर विकला. अशा वेळी एकेकट्या वापरकर्त्यानं काय करायचं? त्याला कोड वाचता येत नाही, आणि येत असला तरी दर अपडेटला वाचत बसणार कोण? इथे मधे कुणीतरी संघटित पहारेकरी हवाच.

अशाच धोक्यांमुळे गूगलनं 2014 मध्ये विंडोजवरच्या क्रोमसाठी नियम केला, की नेहमीच्या वापरात एक्स्टेन्शन फक्त त्यांच्या वेब स्टोअरमधूनच बसेल. मोझिलानं 2015 मध्ये सहीची सक्ती जाहीर केली आणि ऑगस्ट 2016 मध्ये आलेल्या 48व्या आवृत्तीत ती बंद करायचा मार्गही काढून घेतला. टूलबारांची ती साथ आज जवळजवळ संपली आहे, त्यात या निर्णयांचा वाटा मोठा आहे. हे पहारे आंधळे नाहीत, पण अभेद्यही नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये, नाताळच्या सुट्ट्यांच्या तोंडावर, सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याला क्रोम वेब स्टोअरच्या नावानं खोटी मेल आली; तिच्या आधारे चोरांनी त्या कंपनीच्या एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती स्टोअरवर चढवली. स्टोअरची तपासणी ओलांडून ती लाखो लोकांपर्यंत गेली. स्टोअरमधून आलं म्हणजे निर्धोक, असं समजण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. ही मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती फार कमी सांगितली जाते.

ब्राउझरमध्ये आज आपण ज्या सोयी गृहीत धरतो, त्यातल्या कितीतरी कुणा कंपनीच्या बैठकीत ठरलेल्या नाहीत. 2002 मध्ये, फायरफॉक्सचं नाव अजून फीनिक्स होतं तेव्हा, एका डॅनिश विद्यार्थ्यानं ‘ॲडब्लॉक’ लिहिलं. 2004-05 च्या सुमारास एरन बुडमन या अभियंत्यानं ‘ग्रीसमंकी’ काढलं. त्यानं कुठलंही पान आपल्या मर्जीनुसार वळवता यायला लागलं. हाच बुडमन पुढे गूगलमध्ये क्रोमची एक्स्टेन्शन व्यवस्था उभारणाऱ्यांमध्ये होता. 2006 मध्ये जो ह्युइट यानं ‘फायरबग’ आणलं. वेबसाइट तयार करताना पानाच्या आत डोकावून पाहायचं साधन म्हणून ते जगभर गाजलं, आणि आज प्रत्येक ब्राउझरमध्ये मिळणारी डेव्हलपर टूल्स त्याच्याच वाटेनं आली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि टॉर प्रकल्पानं 2010 मध्ये ‘एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर’ काढलं. वेबसाइट सुरक्षित जोडणी देत असेल तर तीच वापरायची, एवढं साधं काम ते करायचं. बारा वर्षांत ब्राउझरांनी ती सोय स्वतःच घेतली आणि जानेवारी 2023 मध्ये फाउंडेशननं काम फत्ते झालं म्हणून ते एक्स्टेन्शन निवृत्त केलं.

पण सगळ्यात बोलका इतिहास आहे तो खुद्द गूगलचा. डिसेंबर 2000 मध्ये गूगलनं टूलबार काढला. तो कुठे बसायचा? मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. गूगलकडे तेव्हा स्वतःचा ब्राउझर नव्हता. लोकांपर्यंत पोचायची वाट परक्याच्या ब्राउझरमधून जात होती. 2003 च्या सुमाराच्या दुसऱ्या आवृत्तीत या टूलबारानं पॉप-अप जाहिराती अडवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनं ती सोय आपल्या ब्राउझरमध्ये आणली ती 2004 च्या ऑगस्टमध्ये, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर. त्याच वर्षी गूगलमध्ये रुजू झालेल्या सुंदर पिचाई यांनी टूलबारचं काम पाहिलं, आणि त्याच अनुभवातून पुढे सप्टेंबर 2008 मध्ये क्रोम आला. मायक्रोसॉफ्टनं त्या काळी ‘आमच्या ब्राउझरमध्ये आम्ही सही केलेलंच चालेल, आणि जाहिराती अडवणाऱ्यांना आम्ही आत घेत नाही’ असा नियम केला असता तर? क्रोम आलाच नसता, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये लोकांच्या मर्जीनं शिरता येण्याच्या स्वातंत्र्यावर गूगल त्या दिवसांत उभं होतं, यात शंका नाही.

त्याच गूगलनं 2018 च्या अखेरीस एक्स्टेन्शन लिहिण्याच्या नियमांचा नवा मसुदा पुढे ठेवला. त्याला ‘मॅनिफेस्ट व्ही-थ्री’ म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण आतला बदल फार मोठा.

बदल नेमका काय, ते एक बातमीचं पान उघडून पाहू. तुम्ही पत्ता टाकता आणि ब्राउझर ते पान मागवतो. पान आलं की त्यातून पुढच्या मागण्या सुटू लागतात: छायाचित्रं, अक्षरांचे फॉन्ट, जाहिराती, तुम्ही कुठून आलात आणि काय वाचता हे मोजणाऱ्या स्क्रिप्ट्स. एका पानापोटी अशा शेकडो मागण्या जाऊ शकतात. जुन्या पद्धतीत ब्राउझर प्रत्येक मागणीपाशी क्षणभर थांबून एक्स्टेन्शनला विचारायचा: ही पाठवू का? एक्स्टेन्शन त्या क्षणी स्वतःचं डोकं वापरून हो किंवा नाही म्हणायचं. नव्या पद्धतीत ब्राउझर विचारत नाही. एक्स्टेन्शननं आपल्या नियमांची यादी आधीच त्याच्या हवाली करायची. निवाडा ब्राउझर करणार, आणि कोणत्या प्रकारचे नियम चालतील, किती चालतील, हेही तोच ठरवणार. पहिल्या मसुद्यात मर्यादा 30,000 नियमांची होती. जाहिराती अडवण्यासाठी सर्रास वापरली जाणारी ‘ईझीलिस्ट’ ही एकटी यादीच त्याहून मोठी होती. ओरड झाल्यावर मर्यादा वाढली, पण निवाड्याचा अधिकार परत आला नाही.

‘यूब्लॉक ओरिजिन’ या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनला याचा सगळ्यात मोठा फटका बसला. रेमंड हिल यांनी 2014 पासून ते सांभाळलं आहे. ते त्यासाठी देणग्याही घेत नाहीत. कोट्यवधी लोक ते वापरत आले. 2019 च्या जानेवारीतच हिल यांनी सांगितलं होतं, की हे नियम आले तर यूब्लॉक ओरिजिन आहे त्या रूपात चालू शकणार नाही. तसंच झालं. 2024 च्या मध्यापासून क्रोमनं इशारे दाखवायला सुरुवात केली, मग जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद करत आणली. हिल यांनी नव्या नियमांत बसणारी ‘लाइट’ आवृत्ती काढली आहे, ती बऱ्यापैकी चालतेही. पण मूळ एक्स्टेन्शनची लवचीकता तिच्यात नाही.

गूगलची बाजू अशी, की प्रत्येक मागणी एक्स्टेन्शनला दाखवणं म्हणजे माणसाचा सगळा वावर त्याच्यापुढे उघडा करणं, आणि दर वेळी थांबल्यानं वेगही कमी होतो. पहिला मुद्दा वजनदार आहे; वर सांगितलेली उदाहरणं पाहता तो नाकारता येत नाही. मात्र नव्या पद्धतीतही एक्स्टेन्शनला परवानगी घेऊन मागण्या नुसत्या पाहता येतातच. काढून घेतली गेली ती त्या क्षणी स्वतः ठरवून अडवण्याची ताकद. ज्याला चोरून पाहायचं आहे त्याचं काम चालू राहतं, आणि ज्याला तुमच्या वतीनं अडवायचं आहे त्याचे हात बांधले जातात. अल्फाबेट या गूगलच्या मूळ कंपनीचं 2024 मध्ये तीन-चतुर्थांशांहून अधिक उत्पन्न जाहिरातींतून आलं. जाहिराती अडवणारं तंत्रज्ञान हा धंद्याला धोका आहे, असं ती आपल्या वार्षिक अहवालात भागधारकांना स्वतः सांगते. मी गूगलच्या अभियंत्यांच्या हेतूबद्दल बोलत नाही. तो तपासायचं साधन माझ्याकडे नाही आणि त्याची गरजही नाही. ज्याच्या उत्पन्नावर निकालाचा थेट परिणाम होतो त्यानं निकालपत्र लिहू नये, हे कुठल्याही ग्रामपंचायतीत मान्य होणारं तत्त्व आहे.

त्यात आणखी एक बाब, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद होत असताना, कंपन्यांच्या आयटी विभागांना एक धोरण बदलून ती जून 2025 पर्यंत चालू ठेवायची सवलत होती. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या जुनं यंत्र चालवणं शक्य होतं; प्रश्न कुणाला शक्य करून द्यायचं, एवढाच होता. मोठ्या संस्थांना गूगल आधीपासूनच हे देतं: कोणती एक्स्टेन्शन्स चालतील, कोणती सक्तीनं बसतील, स्टोअरबाहेरचंही काय चालेल, हे बँकेचा किंवा कारखान्याचा आयटी विभाग ठरवू शकतो. ते बरोबरच आहे. संगणक बँकेचा आहे, मग नियमही बँकेचे. पण मग नाशिकमधल्या एखाद्या शिक्षिकेनं स्वतःच्या पगारातून घेतलेला लॅपटॉप तिचा नाही का? मालकाचा शब्द शेवटचा, हे तत्त्व गूगल मान्य करतं, फक्त मालक मोठा असावा लागतो.

दाराशी एकच पहारेकरी असला की त्याच्यावर दाब आणायलाही एकच जागा पुरते, हाही त्यातला धोका. जून 2024 मध्ये रशियाच्या सरकारी नियंत्रकाच्या मागणीवरून मोझिलानं सेन्सॉरशिप चुकवायला मदत करणारी काही एक्स्टेन्शन्स रशियातल्या लोकांसाठी उपलब्ध न ठेवण्याचा निर्णय घेतला. टीका झाली, आणि काही दिवसांत मोझिलानं ती परत आणली. मोझिलानं माघार घेतली हे चांगलं झालं, पण सरकारनं मागणी केली तीच मुळी तिथे एकच दार होतं म्हणून. 2017 च्या जानेवारीत गूगलनं ‘ॲडनॉशिअम’ हे एक्स्टेन्शन स्टोअरमधून काढलं होतं. ते जाहिराती लपवतं, आणि पाळत ठेवणाऱ्यांना चकवण्यासाठी मागच्या मागे त्यांच्यावर क्लिक करत राहतं. जाहिरातदाराच्या नजरेतून हा उपद्रव आहे, हे मी समजू शकतो. पण त्यात वापरकर्त्याचं नुकसान काहीच नव्हतं. ते घेणाऱ्यानं जाणूनबुजून घेतलेलं होतं.

आपल्या सोसायटीतला वॉचमन अनोळखी माणसाला फाटकाशी थांबवतो, वहीत नाव लिहून घेतो, इंटरकॉमवर तुम्हाला विचारतो. चोर म्हणून पकडला गेलेला माणूस पुन्हा आला तर तो विचारतही नाही, आणि तुम्हीही तक्रार करत नाही. पण तुम्ही ‘पाठवा वर’ म्हटल्यावरही तो नाही म्हणू लागला, तर तुम्ही सोसायटीच्या बैठकीत उभे राहाल. ब्राउझरच्या कंपन्यांकडून मला एवढंच हवं आहे. तपासा, सही मागा, इशारा द्या, तो मोठ्या अक्षरांत द्या. ज्याची चोरी सिद्ध झाली आहे त्याला दुरूनही बंद करा. त्यानंतर मालकाचा होकार शेवटचा माना.

यावर मोझिलाचं उत्तर मला खरोखर विचार करायला लावणारं वाटतं. ती म्हणते, तुम्हाला जे बटण दिलं ते संगणकात घुसलेल्या घातक प्रोग्रॅमलाही दाबता येतं; टूलबारवाले नेमकं तेच करत होते. हे खरं आहे. म्हणूनच तिनं हे बटण डेव्हलपर एडिशन आणि नाइटली यांसारख्या वेगळ्या आवृत्त्यांमध्येच ठेवलं. पण त्यावर वाटा निघू शकतात. बटण नुसत्या सेटिंगच्या फाइलमध्ये न ठेवता, दर वेळी ब्राउझर सुरू करताना माणसाकडून संगणकाच्या पासवर्डनं दुजोरा घेता येईल. बिनसहीचं एक्स्टेन्शन चालू आहे, हे पडद्यावर सतत ठळक दिसत राहील अशी सोय करता येईल. क्रोममध्ये डेव्हलपर मोड चालू करून स्वतःजवळचं एक्स्टेन्शन बसवता येतं. या एका बाबतीत क्रोम नेहमीच्या फायरफॉक्सपेक्षा मोकळा आहे, हे मान्य केलंच पाहिजे. उलट मोझिलानं एक्स्टेन्शनला मागण्या अडवण्याची जुनी ताकद कायम ठेवली आहे. एकानं दार थोडं उघडं ठेवून आतलं साधन काढून घेतलं, दुसऱ्यानं साधन ठेवून दाराची किल्ली आपल्याकडे ठेवली. दोन्ही बरोबर ठेवणं अशक्य नाही. यूब्लॉक ओरिजिन आज पूर्ण ताकदीनं हवं असेल तर फायरफॉक्स वापरणं, एवढा पर्याय वाचकापुढे नक्की आहे.

आपल्याकडे हा वाद बहुतेकांच्या कानापर्यंतही येत नाही, कारण आपलं इंटरनेट मोबाइलवर आहे, आणि मोबाइलवर तो बराचसा आधीच निकालात निघालेला आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स बसतच नाहीत. आयफोनवर तर ॲपलच्या नियमानुसार भारतातला प्रत्येक ब्राउझर आतून ॲपलचंच वेबकिट इंजिन चालवतो, मग वर नाव कोणतंही असो. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च 2024 पासून तिथल्या लोकांपुरती ॲपलला ही अट सोडावी लागली. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये पूर्वी एक्स्टेन्शन्स मोकळेपणी चालत. 2020 मध्ये नवा फायरफॉक्स आला तेव्हा मोझिलानं निवडलेली मोजकीच उरली, आणि दरवाजा पुन्हा सर्वांसाठी उघडायला डिसेंबर 2023 उजाडला.

भारतात या प्रश्नाला सगळ्यात जवळून हात लागला तो 20 ऑक्टोबर 2022 ला. भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. त्यासोबतच्या निर्देशांमध्ये असं होतं, की ॲप तयार करणाऱ्यांना प्ले स्टोअरला वळसा घालून थेट लोकांपर्यंत जायचं असेल तर गूगलनं अडथळे आणू नयेत, आणि आधीपासून भरलेली गूगलची ॲप्स काढून टाकायची मोकळीक लोकांना असावी. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. हे दोन्ही त्या चारांत होते. तो वाद ॲप्सचा होता, ब्राउझरचं नाव त्यात केंद्रस्थानी नव्हतं. पण आपल्या पैशानं घेतलेल्या यंत्रात काय बसवायचं याचा शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न भारतीय नियामकासमोर एकदा येऊन गेला आहे. पुढच्या वेळी तो येईल तेव्हा ब्राउझर आणि त्यातली एक्स्टेन्शन्स यांचा त्यात नाव घेऊन उल्लेख असला पाहिजे. बँकेपासून दवाखान्यापर्यंतचे आपले व्यवहार आता ब्राउझरच्या त्या एकाच चौकटीतून होतात.